१२५१ ते ९१.१ : दुकानातल्या रेडिओचा काटा कुणी हलवला?

हळदीचं_पोतं (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९:१०

दिवाळीची आवराआवर चाललीय. माळ्यावर दुकानातला जुना रेडिओ सापडला. गणपती पेठेत आमचं किराणा दुकान होतं, आता नाही. रेडिओच्या काट्याची दोरी तुटलीय, मागचं झाकण गायब आहे आणि सेलच्या जागी हिरवट बुरशी धरलीय. पण काचेवरचे दोन ठिपके शाबूत आहेत.

एक लाल, नेलपॉलिशचा. तो आईनं लावलेला, मध्यम लहरींच्या, म्हणजे मीडियम वेव्हच्या पट्टीवर १२५१ च्या जागी. वडिलांना चष्म्याशिवाय आकडे दिसत नसत. ठिपक्यावर काटा आणला की आकाशवाणी सांगली. दुसरा ठिपका निळ्या मार्करचा, पोत्यांवर भाव लिहायचो त्या मार्करचा. तो खालच्या एफएमच्या पट्टीवर आहे, ९१ च्या किंचित पुढं. हा धाकट्या भावाचा उद्योग.

नव्या पोरांसाठी थोडं मागचं सांगतो. सांगली केंद्र १९६३ सालचं. साताऱ्याला आणि कोल्हापूरला आकाशवाणी आली ती पुढं नव्वदच्या दशकात, आणि आली ती थेट एफएमवर. सातारा १०३.१, कोल्हापूर १०२.७. म्हणजे थोरलं केंद्र आमचं आणि स्वच्छ आवाज शेजाऱ्यांकडं. आमच्याकडं शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली की बातम्यांत खर्रर्र, आणि दिवेलागणीला कुठून तरी लांबची शिट्टी. मग खासगी एफएम आलं. सांगलीत रेडिओ सिटी ९१.१, कोल्हापुरात मिर्ची ९८.३ आणि टोमॅटो ९४.३.

मला विचारायचंय ते हे, की त्या पहिल्या चार-पाच वर्षांत खरी चढाओढ कुणाची कुणाशी होती? माझं मत असं की स्टेशनांची आपसात फारशी झालीच नाही. आमच्या दुकानात ती या दोन ठिपक्यांत झाली. सकाळी सातला लाल. वडील जेवायला घरी गेले की भाऊ निळ्यावर न्यायचा. ते परत आले की पुन्हा लाल, वर चार शब्द. काट्याची दोरी त्यातच तुटली असणार.

तुमच्याकडं काय होतं ते लिहा. हल्लीच्या अॅपवर चर्चा नको, त्याला वेगळा धागा काढा.


खंबाटकी_चढ
रविवार, रात्री ९:५२

मस्त विषय. मी एमआर होतो. औषधांची बॅग घेऊन पुणे ते कोल्हापूर, आठवड्यातून एक फेरी ठरलेली. गाडीतला टेप कॅसेट खायचा, म्हणून रेडिओ. कुठवर आलो ते खरखरीवरून कळायचं.

पुण्याची स्टेशनं कात्रज ओलांडलं की पातळ व्हायची. शिरवळला तुटक तुटक. खंबाटकी चढताना एकदम उजळायची, एखादं कडवं अख्खं मिळायचं, आणि घाट उतरलो की संपली. सुरूरच्या पुढं साताऱ्याची १०३.१ धरायची. नागठाणे, उंब्रज इथपर्यंत बिनघोर.

खरी गंमत कराडच्या अलीकडंपलीकडं. साताऱ्याची १०३.१ आणि कोल्हापूरची १०२.७, मध्ये अंतर किती, तर ०.४. बारीक काट्याला ते कळायचं नाही. साताऱ्यावर ऊसाच्या खोडव्याचं चाललेलं असायचं आणि एका वळणावर त्याच जागी कोल्हापूरचं भावगीत सुरू. पुढच्या वळणावर परत खोडवा. मी गाडी बाजूला घेऊन ऐकत बसलोय, खोटं नाही सांगत.

पेठ नाक्याला डावीकडं वळलो, इस्लामपूर-आष्टा धरलं, की ९१.१ हळूहळू चढत यायची. सरळ कोल्हापूरला गेलो तर किणी टोलनाक्यानंतर मिर्ची, टोमॅटो. एमआर मंडळींत आम्ही त्याला भाजीमंडई म्हणायचो.


टपरीवरचा_भावा
रविवार, रात्री १०:०३

मिर्ची आणि टोमॅटो कोल्हापूरला, हळद सांगलीला. फोडणी कुठं घालायची बोला.


सोळाशे_एकोणीस
रविवार, रात्री १०:४०

मी साताऱ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करतो. आता मिक्सरच जास्त येतात, पण पाटी तीच आहे.

पोतंसाहेब, तुमच्या प्रश्नाच्या आधीचं एक प्रकरण राहिलंय. साताऱ्याला एफएम आलं तेव्हा पहिली अडचण सेटची होती. लोकांकडं काय, तर मर्फी, बुश, फिलिप्स. त्यावर मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्ह. एफएमची पट्टीच नाही. गावात स्टेशन सुरू झालंय, पेपरात आलंय, आणि घरी लागत नाही. म्हातारी माणसं सेट काखेत घेऊन दुकानात यायची आणि म्हणायची, "ह्यात सातारा बसवा."

ते बसवणं म्हणजे नुसता काटा पुढं सरकवणं नव्हे. मीडियम वेव्हच्या सेटात आतली मधली वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ, एफएमला ती १०.७ मेगाहर्ट्झ. सगळं घराणंच वेगळं. म्हणून एफएमची तयार किट आणायची, सेटच्या पोटात जागा बघून स्क्रूनं बसवायची, आणि जुन्या सेटचा फक्त आवाजाचा भाग आणि स्पीकर वापरायचा. पुढं १६१९ नंबरची आयसी मिळायला लागली, मग काम सोपं झालं. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. बाहेर एक स्विच काढून द्यायचा, इकडं केला की जुना रेडिओ, तिकडं केला की सातारा. लाकडी मर्फीला भोक पाडताना जीवावर यायचं, पण गिऱ्हाईक म्हणायचं पाडा.

दुसरी भानगड एरियलची. जुन्या सेटात फेराइटची कांडी असते, सेट फिरवला की आवाज वाढतो. एफएमला तार लागते. लोकांनी ती खिडकीच्या गजाला, कपाटाच्या कडीला, एकानं तर चिमणीच्या पिंजऱ्याला बांधली होती. आणि एफएम सरळ रेषेत जाणारं. मध्ये डोंगर आला की मागच्याला काही नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून वळसा घालत जाते, म्हणून तुमची १२५१ खरखरत का होईना लांबच्या वाडीवस्तीवर पोचते. साताऱ्यासारख्या डोंगराच्या बशीत एका गल्लीत लागतं आणि पलीकडच्या गल्लीत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कानांनी म्हणा.

खंबाटकीभाऊंचं खोडवा-भावगीत प्रकरण खरं आहे. स्वस्त सेटातला १०.७ चा फिल्टर ढिला असतो, त्यातून शेजारचं आत घुसतं. आणि एफएमचा स्वभाव असा की दोघं आत आली की जे जोरात असेल ते दुसऱ्याला गिळून टाकतं. मीडियम वेव्हवर दोघं एकावर एक बोलत राहतात. एफएमवर एक बोलतो, दुसरा गप्प. वळणावर पारडं फिरलं की बोलणारा बदलतो.


कास_पठारी
रविवार, रात्री ११:१५

सोळाशेदादा, आमचा मर्फी तुम्हीच फोडलात की काय! स्विच अजून आहे, डाव्या बाजूला.

साताऱ्याचं सांगायचं तर आमच्या लहानपणी इथं खासगी स्टेशन नव्हतं. १०३.१ एकटंच. त्यामुळं चढाओढ कशाशी, तर कॅसेटशी आणि नंतर केबलशी. तरी माझ्या आईनं रेडिओ सोडला नाही, आणि त्याचं कारण गाणी नव्हतीच. स्टेशन जवळचं होतं, तेवढंच. रेडिओवर ज्यांचा आवाज ऐकायचा त्या बाई मोती चौकात भाजी घेताना भेटायच्या. आई घरी येऊन सांगायची, "त्यांनी आज मेथी घेतली." दुसऱ्या दिवशी कार्यक्रम लागला की आमच्या घरात त्या मेथीवाल्या बाई. पुण्याच्या स्टेशनाला हे जमलं नसतं, कितीही गोड बोलले तरी.

आई पत्रं लिहायची. पोस्टकार्डावर, फर्माईश आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं, त्यात आजोबा गेल्यावरसुद्धा दोन वर्षं त्यांचं नाव असायचं. मी विचारलं तर म्हणाली, नाव वाचलं की बरं वाटतं.


तळटीप_तात्या
सोमवार, सकाळी ७:३०

धागा छान, पण एक गोष्ट कुणीच धरली नाही. सांगलीसारख्या गावात खासगी स्टेशन आलंच कसं? ते कुणाच्या मनात आलं म्हणून आलं नाही.

देशात एफएम सुरू झालं १९७७ ला, मद्रासला. पंधरा-सोळा वर्षं त्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. १९९३ ला आकाशवाणीनं मुंबई, दिल्लीत आपल्याच एफएमवरचे तास खासगी लोकांना विकायला काढले. १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, हवेतल्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. ते निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं, आपला मराठी माणूस. त्यानंतर पहिला लिलाव झाला, ४० शहरांत १०८ स्टेशनं. बोली अशा चढल्या की विचारू नका. वर परवाना शुल्क ठरीव, आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. धंदा होवो न होवो. बोली लावणारे पुष्कळ, प्रत्यक्षात चालली ती २१ स्टेशनं. २००१ च्या जुलैमध्ये बंगळूरला पहिलं खासगी स्टेशन वाजलं. त्या फेरीत सांगलीला कुणी विचारतंय होय!

२००५ ला दुसरा टप्पा आला तेव्हा गणित बदललं. बोलीची रक्कम एकदा भरायची आणि मग वर्षाच्या उत्पन्नाच्या ४ टक्के, किमान रकमेची अट ठेवून. ९१ शहरं, ३३८ स्टेशनं. गाव लहान, उत्पन्न लहान, म्हणजे शुल्कही त्या मानानं लहान. या एका बदलामुळं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, जळगाव, अकोला, नांदेड अशी गावं एफएमच्या नकाशावर आली. तुमच्या काचेवरचा निळा ठिपका हा त्या ४ टक्क्यांचा आहे, भावाला उगीच बोल लावू नका.

आणि हो, लहान गावांतल्या स्टेशनांना एकमेकांचे कार्यक्रम जोडून लावायची मुभा होती. रात्री दहानंतर "आपल्या गावचा" म्हणून जो आवाज यायचा तो कुठल्या गावचा असायचा, याचा विचार करा.


मिरजेचा_तंबोरा
सोमवार, सकाळी ९:०५

तात्यांनी शेवटच्या ओळीत मर्मावर बोट ठेवलं.

मला या सगळ्यात चढाओढ हा शब्दच पटत नाही. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, सतारी-तंबोरे बनवणारी घराणी इथली, दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. आमच्या घरात रात्रीचं शास्त्रीय संगीत लागायचं ते आकाशवाणीवर. गल्लीतला एखादा वादक ऑडिशन देऊन "बी हाय" झाला की पेढे वाटले जायचे, कारण ग्रेड मिळाली म्हणजे वर्षातून काही वेळा सांगली केंद्रावर वाजवायचं, मानधनाचा चेक यायचा. खासगी एफएमवाल्यांनी या वाटेला पाऊलही टाकलं नाही. ज्या आखाड्यात दुसरा पैलवान उतरलाच नाही तिथं कुस्ती कसली?


भडंग_आणि_चहा
सोमवार, सकाळी ९:४०

तंबोरासाहेब, आदर आहे, पण तुमचा आखाडा अर्ध्या तासाचा. उरलेल्या वेळात गाव काय ऐकत होतं?

आम्ही हॉस्टेलवर विश्रामबागला. कानात हेडफोन, कारण मोबाईलला हेडफोनची वायर लावल्याशिवाय एफएम लागायचंच नाही, तीच एरियल. पहिल्या काही महिन्यांत निवेदक पोरं पुण्यामुंबईसारखं बोलायला बघायची. अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी, मराठी मध्ये चवीला. मग फोन घ्यायला सुरुवात झाली. फोनवर समोरून यायचं, "सावळजवरनं बोलतोय, द्राक्षं छाटायला आलोय बागेत, आमच्या मालकाला गाणं लावा." याला इंग्रजीत उत्तर काय देणार? वर्षभरात ती पोरंसुद्धा "काय म्हणतीय बाग?" विचारायला लागली. सांगलीनं स्टेशनाला बोलायला शिकवलं असं माझं मत. हा मुद्दा कुठल्या परवान्यात नव्हता.


दहा_सेकंद
सोमवार, दुपारी २:२०

आता मी बोलतो, कारण मी आतला आहे. स्टेशनचं नाव सांगणार नाही, विचारू नका. त्या काळात मी या भागात रेडिओच्या जाहिराती विकायचो. बॅगेत दरपत्रक, एक छोटा सीडी प्लेअर आणि नमुन्याच्या जाहिराती.

रेडिओची जाहिरात दहा सेकंदांच्या हिशोबानं विकतात. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "ऐकतंय कोण?" आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मोठ्या शहरांत २००७ पासून रेडिओचे श्रोते मोजायची पद्धत सुरू झाली, रॅम म्हणायचे तिला. दिल्ली, मुंबई, बंगळूर, नंतर कोलकाता. तिथं आठवड्याला आकडा यायचा, अमुक पहिला, तमुक दुसरा, त्यावर भांडणं व्हायची. आमच्या पट्ट्यात कुणी मोजलंच नाही. पोतंसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. शर्यत होती, पण शेवटच्या रेषेवर कुणी उभंच नव्हतं.

मग काय करायचं? शेठजींना स्वतःला ऐकू आलं पाहिजे, एवढंच. ही आमची विद्या. सराफ कट्ट्यावरचे शेठ दुकान किती वाजता उघडतात, उघडल्यावर आधी दिवा लावतात की आधी रेडिओ, त्यांचा ड्रायव्हर गाडीत काय लावतो, ते दाढी कुठं करतात, हे सगळं मला पाठ. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शेठ गादीवर बसायचे. दहा बाराला त्यांची जाहिरात. लोकांना वाटायचं केवढी चालते यांची जाहिरात! शेठना तर खात्रीच, कारण जेव्हा रेडिओ लावतात तेव्हा तीच लागते. एका साडीच्या दुकानाची जाहिरात आम्ही त्यांच्या न्हाव्याच्या वेळेला बसवली होती. न्हाव्यानं पुढं मला हक्कानं सांगितलं, माझ्या दुकानाची फुकट वाजवा.

आता खरा प्रतिस्पर्धी. दुसरं स्टेशन? छे. रिक्षा! लाऊडस्पीकर बांधलेली रिक्षा, "खास आपल्या शहरात, फक्त तीन दिवस!" दुकानदाराला ती डोळ्यांनी दिसते, आपल्या दारासमोरून जाते, दिवसाचं भाडं ठरलेलं. रेडिओ दिसत नाही. मी हवेत काहीतरी विकतोय असंच त्यांना वाटायचं. एका शेठनी मला विचारलं होतं, "तुमची जाहिरात लागली ते मला सिद्ध करून दाखवा, लागली की वाहून गेली." शेवटी प्रत्येक बिलासोबत वेळापत्रक जोडायला लागलो, कोणत्या दिवशी किती वाजून किती मिनिटांनी. त्यावर ते टिक करायचे, पेन घेऊन रेडिओजवळ बसून.

आणि गंमत म्हणजे रिक्षाचा आवाज आणि आमच्या जाहिरातीचा आवाज पुष्कळदा एकाच माणसाचा. गावात खणखणीत आवाजाची माणसं मोजकीच. सकाळी रिक्षाची कॅसेट भरायचा, दुपारी आमच्याकडं. मानधन दोन्हीकडून.

गाण्याचा खर्च कुणी काढला नाही म्हणून तोही सांगतो. म्युझिक कंपन्यांना तासाच्या हिशोबानं पैसे द्यावे लागायचे. मोठ्या शहरात ते पेलायचं, लहान गावात तो तासाचा दर अंगावर यायचा. २०१० ला कॉपीराइट बोर्डानं निकाल दिला, उत्पन्नाच्या २ टक्के द्या. त्या दिवशी आमच्या साहेबांनी ऑफिसला समोसे दिले.


टपरीवरचा_भावा
सोमवार, दुपारी २:३१

न्हावी जिंकला म्हणायचा.


पूररेषा
सोमवार, संध्याकाळी ६:५०

दहा_सेकंद, प्रतिसाद जबरदस्त. पण एक बाजू राहिली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

२००५ चा पूर. तेव्हा सांगलीत खासगी एफएम नव्हतंच. लाईट गेलेली, फोन बंद, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सेलवरचा रेडिओ आणि १२५१. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, कोयनेतून किती सोडलं, एवढंच ऐकायचं. सांगलीच्या माणसाला हे आकडे पाढ्यासारखे पाठ. ४० फूट इशारा, ४५ धोका. कोयनेचं पोट १०५ टीएमसीचं. खाली गाडीतळाला पाणी आलं की कोयनेत काय चाललंय हे विचारणारच.

२०१९ ला पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. तोवर एफएम होतं, मोबाईल होते, सगळं होतं. चार्जिंग संपलं आणि टॉवर गेले की परत तोच सेलवरचा सेट. शेजारच्या काकूंनी देव्हाऱ्यामागून काढला.

खासगी स्टेशनांना बातम्या द्यायला बंदी. पुढं तिसऱ्या टप्प्यात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची परवानगी मिळाली, आणि हवामान, वाहतूक, नैसर्गिक आपत्तीची सूचना हे बातमीत धरायचं नाही असं ठरलं. त्या आधीच्या काळात गाणी वाजवणाऱ्याच्या हातात गावच्या पाण्याचा आकडा नव्हता. हात बांधून कुस्ती लावली आणि मग म्हणायचं आकाशवाणी जिंकली. तंबोरासाहेब, तुमचा आखाड्याचा मुद्दा इथं उलटा लागतो.


मिरजेचा_तंबोरा
सोमवार, संध्याकाळी ७:२५

मान्य. हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. मिरजेतही त्या आठ दिवसांत कुणी राग लावला नाही.


माणदेशी_मेंढरं
सोमवार, रात्री ८:४०

सगळं कृष्णाकाठचंच चाललंय. जरा कोरड्या मुलखातलंही ऐका.

म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी, ९०.४. २००८ पासून. सामुदायिक रेडिओ. आणि जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी, ९१.२. संस्थांना असा रेडिओ चालवायची परवानगी २००६ च्या धोरणानं मिळाली, त्याआधी फक्त शिक्षणसंस्थांना होती. ताकद किती, तर १०० वॅट. तुमच्या हॉलमधला एक जुना बल्ब. पोच दहा-बारा किलोमीटर, मध्ये टेकाड नसलं तर.

पण ऐकणाऱ्याला फरक कळायचा. सांगलीच्या स्टेशनावर सराफाची जाहिरात, ९०.४ वर शेळीच्या लसीचं. आमच्या चुलतीनं त्यावर ओव्या म्हटल्या होत्या. जात्यावरच्या, तिच्या आजीच्या. नंतर बाजारात बायका तिला "रेडिओवाली" म्हणायच्या, आणि चुलता चार दिवस तिच्याशी जपून बोलत होता.

९१.१ आणि ९१.२ एवढी खेटून आहेत, पण आमच्याकडं सांगली येतच नाही, त्यामुळं भांडण नाही. दुष्काळाचे फायदे.


कास_पठारी
सोमवार, रात्री ८:५५

रेडिओवाली चुलती! त्या ओव्या कुणी जपून ठेवल्यात का? चौकशी करा ना.


माणदेशी_मेंढरं
सोमवार, रात्री ९:१०

ताई, विचारतो. चुलतीला अजून सगळ्या येतात, ती एक सोय आहे.


हळदीचं_पोतं (धागाकर्ता)
मंगळवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. दहा_सेकंद यांचा प्रतिसाद वाचून मात्र मला झोप लागली नाही.

कारण आमच्या दुकानाचीही जाहिरात रेडिओवर लागली होती. मी विसरूनच गेलो होतो. दिवाळीआधीचा महिना, फराळाचं सामान. एक तरुण माणूस बॅग घेऊन दोन-तीनदा आलेला आठवतो. वडिलांनी त्याला चहा पाजून परत लावलं, मग एकदा कसं कोण जाणे हो म्हणाले. साहेब, तो माणूस तुम्हीच होता असं मी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

आज भावाला फोन केला. म्हटलं, तो निळा ठिपका तू कधी लावलास रे? तो म्हणाला, "मी? मला कशाला ठिपका लागतोय, मला आकडे दिसतात की." मग म्हणाला, "मार्कर कुणाच्या खिशात असायचा आठव."

मार्कर वडिलांच्या खिशात असायचा. पोत्यांवर भाव तेच लिहायचे.

भाऊ सांगत होता, त्या महिन्यात वडील सकाळी साडेआठला आपलं आपण निळ्यावर न्यायचे, जाहिरात ऐकायचे, "फराळाचं सामान, गणपती पेठ, सांगली" एवढं संपलं की परत लालवर. कुणी दुकानात असेल तर "हं, ऐका" म्हणून हात वर करायचे. जाहिरातीचा महिना संपला तरी काटा पुढं कितीतरी दिवस साडेआठला तिकडं जायचा, लागेल या आशेनं. भावाला हे सगळं माहीत होतं आणि दुपारी त्याचं निळ्यावर नेणं त्यातच खपून जायचं. मला वाटायचं की ते त्याला बोलतात. ते कुणालाच बोलत नव्हते, दोरी जपून फिरवा म्हणत होते.


दहा_सेकंद
मंगळवार, रात्री १०:२०

साडेआठ? किराणाला आम्ही साडेआठच द्यायचो. पूजा झालेली असते, गिऱ्हाईक यायचं असतं.

मी काही म्हणत नाही.


खंबाटकी_चढ
मंगळवार, रात्री १०:२६

पोतंभाऊ, रेडिओ दुरुस्त करा राव.


सोळाशे_एकोणीस
मंगळवार, रात्री १०:४८

दोरी माझ्याकडं आहे, जुनी, डायल कॉर्ड म्हणतात ती, आता बाजारात सहसा मिळत नाही. दीड वेढा ड्रमवर, स्प्रिंग घालून ताणायची, अर्ध्या तासाचं काम. बुरशी असेल तर सेलचे पत्रे बदलावे लागतील. काच काढताना पुसू नका, घरात कुणाला पुसूही देऊ नका. नेलपॉलिश टिकेल, पण मार्कर स्पिरिटच्या बोळ्यानं एका झटक्यात जातो.

शनिवारी साताऱ्याला आणा. पेढे आणू नका, इथं आहेत. भडंग आणा.